अंगणाचे दार आणि मेहुण्यांचा भात

माळव्यात, धारेत मी स्वतःच्या कमाईने घर बांधले तेव्हा त्याला एकच दार ठेवले. पुढे किराण्याचे दुकान, दुकानाच्या मागे माजघर आणि स्वयंपाकघर, त्याच्या मागे अंगण, आणि अंगणात विहीर. माजघरातून अंगणात जायला मात्र वाट नव्हती. पाणी आणायचे तर दुकानातून रस्त्यावर उतरायचे, शेजारच्या बोळात शिरायचे आणि बोळातून अंगणात यायचे. मी तेव्हा सडाफटिंग होतो. मला त्यात काही गैर वाटत नसे. उलट एक दार कमी म्हणजे एक कुलूप कमी, असा माझा हिशेब होता.

पुढे लग्न झाले, आणि गैर वाटून घ्यायला देवासची माणसे आली.

बायको देवासची. देवास गाव एक, पण गाद्या दोन. रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची आणि ती बाजू धाकट्या पातीची. माझे मोठे मेहुणे थोरल्या पातीत कारकून होते. रस्त्यापलीकडच्या धाकट्या पातीकडे ते असे बघत की जणू मधून नर्मदा वाहते आहे. भाजी घ्यायलासुद्धा ते तिकडे पाय टाकत नसत. ब्राह्मणाच्या मुलाने किराणा विकावा याचे त्या घराला मोठे दुःख होते. तरी मुलगी दिली, कारण हुंडा नको म्हणणारा मी एकटाच होतो. त्याबद्दल आजवर कोणी आभार मानलेले नाहीत.

पहिल्या दिवाळसणाला मी सासुरवाडीला गेलो, तो तिरल्याकडच्या गावांतून निवडून आणलेल्या तुपाचा डबा खांद्यावर घेऊन. जावई म्हणून भेट न्यायची ती चांगली न्यावी, एवढाच विचार. दारातल्या गड्याने डबा पाहिला आणि मला घराला वळसा घालून मागच्या अंगणात नेले. आतून मेहुण्यांचा आवाज आला, "अरे, तूपवाला आलाय. मागचं दार काढ."

हे घराणे कोकणातले. कोकण सोडून किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे, पण बोली त्यांनी लोणच्यासारखी जपली होती. त्यांच्याकडे दार कोणी उघडत नाही, दार 'काढतात'. आम्ही माळव्यात वाढलेले. मला वाटले, तुपाचा डबा आत घ्यायला दार चौकटीतून उपसतात की काय, इतका मान. मग दार उघडले. मेहुणे समोर उभे होते. त्यांनी मला ओळखले, अगदी नीट ओळखले, आणि म्हणाले, "अरे वा, शेट. या. आता आलाच आहात तर डबा तिकडे कोठीत ठेवा."

मी ठेवला. जेवताना पंगतीत त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना हसून सांगितली. तेव्हापासून ते मला 'शेट' म्हणतात. माझ्या मनात ते दार तेव्हापासून राहिले: जाड सागवान, दोन फळ्या, मधोमध लोखंडी कडी, आणि टाकली की घंटेसारखा होणारा तिचा आवाज.

पुढे मेहुणे दर भाऊबीजेला धारेला यायचे. बहिणीवर त्यांचा जीव होता, हे मी नाकारत नाही. यायचे, पाटावर बसायचे, ओवाळून घ्यायचे, आणि जेवणाची वेळ आली की म्हणायचे, "मला फराळाचंच दे. चिवडा, लाडू, एखादं केळं."

कारण असे की सोवळ्याचा स्वयंपाक सोवळ्यातल्या पाण्याने व्हायला हवा. आणि माझ्या घरात ते पाणी बोळातून, रस्त्यावरून, गिऱ्हाइकांच्या मधून यायचे. बायको पहाटे ओलेत्याने हंडा घेऊन निघायची, आणि दुकानाच्या पायरीवर कोणीतरी माळवी माणूस हटकून गूळ मागत उभा असायचा. त्याचा धक्का लागो न लागो, मेहुण्यांच्या लेखी लागलाच. भावाने बहिणीच्या घरी भाऊबीजेला केळे खाऊन उठायचे आणि बहिणीने भाताचे भांडे झाकून ठेवायचे, हे वर्षानुवर्षे चालले. ती काही बोलत नसे. पण त्या दिवशी तो झाकलेला भात ती स्वतःही खात नसे आणि मला वाढतही नसे. गाईला घालायची.

मला राग दोन गोष्टींचा. एक, तांदूळ माझ्या दुकानातला, निवडक, आणि तो गाईच्या पोटात. दुसरी, देवासला परत गेल्यावर मेहुणे सांगत, "घर कसलं, सगळी वखारच. दुकानातच चूल मांडलीय म्हणा ना."

शेवटी एका वर्षी श्रावणात बायको म्हणाली, "अहो, मागच्या भिंतीत एक दार काढून द्या. मग तरी दादा जेवेल."

तिने आयुष्यात मागितलेली ही पहिलीच वस्तू. मी बाजारात लाकडाचा भाव काढला आणि घरी येऊन पाणी प्यायलो. नवे सागवानी दार म्हणजे घराच्या अर्ध्या किमतीचा घोर. मी तिला 'बघू' म्हटले. माझ्या 'बघू'चा अर्थ तिला ठाऊक होता. पण त्या वेळी मी खरेच बघत होतो.

नवरात्राच्या आधी हाटपिपल्याला मिरचीचा सौदा करून मी देवासवरून परत येत होतो. धाकट्या पातीच्या बाजूला एका कबाड्याचे दुकान आहे, तिथे डोकावलो. आत पिंपांच्या आणि मोडक्या पलंगांच्या मागे भिंतीला टेकून ते दार उभे होते. माझ्या सासुरवाडीचे मागचे दार. मी कडीला नुसते बोट लावले. तोच आवाज.

माल आवडला की त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे, हे मी फार लवकर शिकलो. मी एका मोडक्या पाळण्याचा भाव सुरू केला. पाळण्याला मी इतकी नावे ठेवली, इतक्या वेळा दुकानाची पायरी उतरलो आणि चढलो, की कबाडी घामाघूम झाला.

"पालनो नी लेनो तो मत लो, सेठ," तो म्हणाला, "पण म्हारो माथो मत खाओ."

"बरं, जाऊ दे. यो लाकूड कई हे? बंबात घालायला होईल."

"बंबात? सागवान को दरवाजो हे. सामने वाली पाती का बाबूसाब को. उनने अब काच को लगवायो, साहेब लोगों का बंगला सरीखो."

म्हणजे मेहुण्यांनी छावणीतल्या कुठल्यातरी बंगल्याचे काचेचे दार पाहिले होते आणि बापजाद्यांचे सागवान कबाड्याला विकले होते. तेही गड्याच्या हाती रस्ता ओलांडून, धाकट्या पातीत, म्हणजे आपल्या बाजूच्या कोणाला दिसायला नको. आणि स्वतः तर ते इकडे कधी फिरकणारच नव्हते. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मला जोरात खोकावे लागले.

दार मी घेतले. कितीला घेतले ते सांगत नाही. कबाडी जिवंत आहे आणि त्याला अजून वाईट वाटते. शेवटी त्याने तो पाळणाही वर फुकट टाकला, मी निघून जावे म्हणून.

गाडीत दार गोणपाटात गुंडाळून मी धारेला आलो. वाटेत जो तो विचारी, आत काय आहे. मी सांगे, सासऱ्यांची इस्टेट. गाडी बोळात उभी राहिली, बायको बाहेर आली, तिने गोणपाटाखाली हात घातला, कडी उचलली आणि टाकली. मग माझ्याकडे बघितले.

"हे आमच्या घरचं दार."

"तुमच्या घरचं होतं. आता माझं आहे."

"दादानं दिलं?"

"दादानं विकलं. कबाड्याला. मी घेतलं." आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायच्या आत मी तिला बजावले, "ऐक. हे दार त्या भिंतीत आहे तोवर ही गोष्ट तुझ्या तोंडातून बाहेर पडता कामा नये. शपथ घे."

याचे कारण समजून घ्यायला हवे. मेहुण्यांनी मला ज्या दारातून तूपवाला म्हणून आत घेतले, तेच दार माझ्या घराला लागणार, माझ्या आल्या-गेल्याला उघडणार आणि माझ्या हुकमाने बंद होणार, ही मजा माझ्या एकट्याची होती. पण त्यांना कळले असते तर तीच गोष्ट देवासात उलटी पोहोचली असती: आमचं टाकलेलं दार शेटनं उचलून नेलं. ते मी सहन केले नसते. बायकोने शपथ घेतली. घेताना ती फार गोड हसली. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

सुतार तिरल्याचा. माणूस कामाचा, पण प्रश्नांचा. चौकट बसवताना त्याचे प्रश्न संपेनात. उंबरा इतका उंच ठेवू की तितका? फळ्या आत उघडू की बाहेर? कडी भीतर के बाहर? मी दुकानात गिऱ्हाईक घेऊन बसलेला आणि हा दर घटकेला हातात पटाशी घेऊन समोर उभा. पैसे मागताना मला 'सेठ' म्हणायचा आणि काम टाळताना 'पंडतजी'. एके दिवशी तेलाचे माप माझ्या हातात असताना त्याने विचारले, "पंडतजी, फळी डावी पेलां चढाऊं के जीमणी?" माप सांडले.

मी भडकलो. मला राग येतो हे सगळ्या धारेला ठाऊक आहे, त्यात नवे काही नाही. म्हणालो, "यापुढं एक प्रश्न विचारलास तर याद राख. घरातलं माणूस जे सांगेल ते करायचं. जसं सांगेल तसं. तोंड बंद."

"हूँ," तो म्हणाला. आणि खरोखरच पुढे त्याने एक शब्द विचारला नाही. काम झपाट्याने झाले. दार चढवून, मग रंधून, गेरू आणि जवसाचे तेल लावून असे तांबडे करून घेतले की जन्मदात्यानेही ओळखू नये. कडी बदलली नाही, कारण चांगली कडी बदलणे माझ्या स्वभावात नाही, पण तिच्याखाली चामड्याचा तुकडा मारला म्हणजे वाजणार नाही. माजघरात पहिल्यांदा उजेड आला. बायकोने अंगणातून हंडा थेट आत आणला आणि उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले. भिंतीतली अडसराची खाच तेवढी कोरायची राहिली होती. मी देवासला निरोप धाडला की दार झाले आहे, या वर्षी भातच.

पाडव्याच्या संध्याकाळी मेहुणे आले. पाय धुऊन ते थेट दारापाशी गेले. कंदील उचलून वरून खाली बघितले. मी मागे उभा राहून श्वास रोखला.

"दार जुनं दिसतंय, शेट."

"जुनं सागवान. आता असं मिळत नाही."

"कुणाच्या घरचं?"

"मोठ्या घरचं."

"मोठं म्हणजे कुणाचं? तुम्ही बाजारातून आणलेलं दिसतंय." त्यांनी धोतराचा सोगा आवरून घेतला. "कुणाच्या घरात होतं, काय शिजत होतं तिथं, कुणाचे हात लागले, काही ठाऊक नाही. आणि त्यातून सोवळ्याचं पाणी येणार. मनाला शंका आली की आली. मला आपलं फराळाचंच द्या."

स्वयंपाकघरात वाटणाचा आवाज चालू होता, तो थांबला.

त्या क्षणी माझ्या जिभेवर उत्तर होते. एका वाक्यात त्यांची शंका मिटली असती. पण त्या एका वाक्यानंतर उरलेला जन्म 'आमचं टाकलेलं दार' ऐकावे लागले असते. ते वाक्य मी गिळले. बायको दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितले. मी भिंतीकडे बघितले, म्हणजे शपथेची आठवण दिली. ती परत आत गेली आणि वाटण पुन्हा सुरू झाले, पण आता त्याचा आवाज असा होता की पाट्याखाली मीच असावा.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी बऱ्यापैकी गारठा होता. बायको सोवळ्याने चुलीपाशी. आदल्या संध्याकाळचे बोलणे झाले नाही असे धरून तिने पूर्ण स्वयंपाक मांडला होता, वरणभात, पुरण, सगळे. मी दुकानात, कारण सणाच्या दिवशी तुपाला गिऱ्हाईक असते. मेहुणे अंगणात विहिरीवर स्नानाला गेले. सुतार माजघरात अडसराची खाच कोरत होता, आणि चुरा अंगणात उडू नये म्हणून त्याने दोन्ही फळ्या लोटून आतून कडी लावली होती.

मेहुण्यांनी डोक्यावर हंडे ओतून घेतले, ओला पंचा गुंडाळला, आणि स्तोत्र म्हणत दारापाशी आले. दार बंद. सोवळ्याने ते ढकलणार नव्हते. त्यांनी आतल्या माणसाला हाक दिली, "अरे, दार काढ."

आत सुताराने ते ऐकले. माळवीत काडनो म्हणजे उपसून बाहेर घेणे. दुसरा अर्थच नाही. त्याला नवल वाटले असेल, नसेल, पण प्रश्न विचारायचा नाही अशी त्याला माझी ताकीद होती. त्याने कडी सोडली, हातोडा घेतला आणि डाव्या फळीची वरची खुंटी ठोकून सोडवायला घेतली.

मेहुण्यांना आतून ठोकाठोकी ऐकू आली. त्यांना वाटले, कडी अडकली आहे. "काढतोस ना? अरे, थंडी वाजतेय मला. चटकन काढ."

सुताराने डावी काढली आणि मग उजवीही. दोन्ही फळ्या त्याने बाहेर आणून उंबऱ्यासमोर एकावर एक आडव्या टाकल्या. मेहुणे त्याचा स्पर्श टाळायला उड्या मारत मागे सरकले, ते थेट विहिरीच्या दगडावर. तिथून ते ओरडू लागले, "अरे मूर्खा, काय करतोस हे? काढ म्हटलं ना, काढ!" तेव्हा सुताराने मान हलवली आणि चौकटीच्या खिळ्याला हात घातला.

हा आरडाओरडा ऐकून मी तूप टाकून धावलो. माजघरातून पाहतो तर भिंतीला भगदाड, भगदाडाच्या मधोमध चौकटीवर पाय रोवून सुतार, त्याच्यापुढे जमिनीवर माझे दार, आणि त्यापलीकडे दगडावर पंचा धरून कुडकुडणारे थोरल्या पातीचे कारकून.

"हे काय चाललंय?" मी सुताराला विचारले.

"बाबूसाब ने कियो, दार काड. म्हने काड्यो. अब चौखट काडूं?"

त्याच्या चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. त्याला काय समजले होते आणि काय नव्हते, याबद्दल मला आजही शंका आहे.

मला हसू आवरेना. मी उंबऱ्यावर बसूनच हसलो.

"हसता काय, शेट," मेहुणे म्हणाले. "या माणसाला बाजूला करा आणि ती लाकडं उचला. मला आत यायचंय."

मी उठलो. तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यात इतका चांगला सौदा माझ्यासमोर कधी उभा नव्हता, आणि तोही ओल्या पंचाने.

"कशासाठी आत यायचंय, दादासाहेब?"

"कशासाठी म्हणजे? पूजा करून फराळ करीन."

"फराळाला बोळातली वाट आहे ना. बोळातून रस्त्यावर, रस्त्यावरून दुकानात. दुकानात आत्ता तीसेक माणसं असतील, त्यांना सांगतो बाजूला व्हायला. तुमची बहीण रोज जाते त्याच वाटेनं."

मेहुण्यांनी बोळाकडे पाहिले. बोळात दोन कुत्री आणि एक मुनीम उभा होता. त्यांनी पंचा घट्ट धरला.

"शेट, थट्टा पुरे."

"थट्टा नाही. ही वाट भात खाणाऱ्यांसाठी केलीय. पानं मांडलीत."

"बरं, पुऱ्या घेईन. तळलेलं चालतं."

"पुऱ्या तर गिऱ्हाइकालाही देतो मी."

"पुरणाची पोळी. एक."

"एका पोळीला मी एक फळी उचलीन. दुसरी तशीच राहील."

"पोळी आणि वरण," त्यांचे दात वाजत होते, "भाताचा आग्रह करू नका. शंकेची गोष्ट आहे ती."

"भात. वरून तूप. तसल्याच डब्यातलं, जो मी तुमच्या मागच्या दारानं..."

"तुम्ही माझ्या भावाच्या जेवणाचा भाव करताय?"

बायको मागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळले नाही. सोवळ्यातले लाल लुगडे, हातात पळी. मी जागेवरून सरकलो. सुतारही सरकला. तिने आधी माझ्याकडे बघितले, मग भिंतीतल्या भगदाडाकडे, मग जमिनीवरच्या फळ्यांकडे.

"दार भिंतीत नाही," ती मला म्हणाली. "शपथ सुटली."

मी म्हणालो, "अगं..."

"दादा," ती भावाला म्हणाली, "त्या वरच्या फळीचा खालचा कोपरा बघ. खुंटीपाशी पत्रा मारलाय. लहानपणी तू या दाराला लोंबकळून झोके घेतलेस आणि खुंटी मोडलीस. आईनं पत्रा मारून घेतला आणि बाबांना सांगितलं नाही."

मेहुणे दगडावरून वाकले. भिंतीत असताना तो कोपरा उंबऱ्याच्या खळग्यात होता, म्हणून माझ्या रंध्याला आणि गेरूला सापडला नव्हता. आता तो उघडा पडला होता, आणि गंजलेला पत्रा त्यांच्याकडे बघत होता. मेहुण्यांचा चेहरा मी पाहिला. जन्मभर मी त्याची वाट बघत होतो, पण त्या वेळी मला नीट आनंदही घेता आला नाही, कारण पुढे काय होणार ते दिसत होते.

"आईच्या सोवळ्याचं पाणी या दारातून यायचं," बायको म्हणाली. "तुझी मुंज झाली तेव्हाचा भात या दारातून आलेल्या पाण्यावर शिजला. कुणाचे हात लागलेत म्हणून काल विचारत होतास ना. माझे लागलेत. आईचे लागलेत. आता आत येणारेस की नाही ते सांग. भात गार होतोय."

मग मेहुण्यांनी दगडावरून पाय उचलला, पण फळ्यांवर पाय द्यायला ते धजेनात. मला म्हणाले, "उचला ना, शेट." आवाज अगदी बारीक. मी आणि सुताराने फळ्या बाजूला केल्या. त्यांनी उंबरा ओलांडला.

ते जेवले. भात तीनदा घेतला. माझ्या दुकानातला तांदूळ भाऊबीजेला पहिल्यांदाच माणसाच्या पोटात जाताना पाहून मला बरे वाटले. बायको वाढत होती आणि नाकाने सूं सूं करत होती, आणि तिला सर्दी झालेली नव्हती. तिकडे सुताराने दोन्ही फळ्या पुन्हा चढवल्या. आता मात्र त्याने मला येऊन विचारले, "पंडतजी, लगाई तो दी. अब कोई काडवा को तो नी केगो?"

मी मनात म्हटले, ठीक आहे. गोष्ट फुटली, पण मेहुण्यांचेही तोंड बंद आहे. बापाचे दार कबाड्याला, आणि तेही धाकट्या पातीत विकले, हे देवासात कळणे त्यांना परवडणार नाही. आमची बरोबरी झाली. त्यांच्यासारख्या कारकुनाशी बरोबरी झाली तरी पुष्कळ, असे समजून मी दुपारी निवांत झोपलो.

संध्याकाळी बायकोने अंगणात रांगोळी काढली. बीजेची कोर दिसली, तिला ओवाळले, मग भावाला पाटावर बसवून ओवाळले. आता भावाने ताटात ओवाळणी टाकायची. दर वर्षी मेहुणे लुगडे, खण, कधी चांदीचे काही घालत. त्या बाबतीत ते हात आखडता घेत नसत. या वर्षी त्यांनी कनवटीला हात घातला, एक सुपारी काढली आणि ताटात ठेवली.

बायको बघत राहिली. मीही.

"सुपारी निमित्ताला," मेहुणे गंभीरपणे म्हणाले. "खरी ओवाळणी ताटात मावायची नाही. ती मी आधीच पाठवली." आणि त्यांनी दाराकडे हात केला. "घराण्याचं दार. बहिणीला पाणी आणायला त्रास होतो, माझं मन खात होतं. बाजारातून कुणाचंतरी आणण्यापेक्षा आपलंच द्यावं म्हटलं. शेटनी गाडीतून आणून दिलं, तेवढी त्यांची मदत झाली."

मी तोंड उघडले. मला त्यांना कबाड्याचे नाव सांगायचे होते, पाळण्याची गोष्ट सांगायची होती, मी कितीदा पायरी उतरलो आणि चढलो ते सांगायचे होते. पण बायकोचे डोळे भरून आले होते. सगळे ठाऊक असून. सकाळी तीच ते बोलली होती, आणि आता तीच हात जोडून भावाला नमस्कार करत होती. मी जर बोललो असतो तर त्या ताटात फक्त सुपारी उरली असती.

मी तोंड मिटले. असा तोटा मी धंद्यात कधी खाल्लेला नाही.

त्यानंतर मेहुणे दर भाऊबीजेला येतात, अंगणातून आत येतात आणि भात खातात. लुगडे-खण पुन्हा सुरू झाले, ते बायकोला पोहोचतात, मला त्याचे काही नाही. देवासात मात्र दोन्ही पात्यांत, हो, धाकट्या पातीतसुद्धा, सगळ्यांना ठाऊक आहे की त्यांनी बहिणीला सागवानी दार दिले. मागे एकदा त्या कबाड्यानेच मला हे सांगितले, आणि वर म्हणाला, "भला आदमी हे, सेठ. तमारा साळा साब." मी त्याला विचारले, हे दार तुझ्याकडून कुणी घेतले होते ते आठवते का. तो म्हणाला, दरवाजा आठवत नाही, पालना आठवतो.

गेल्या वर्षी मेहुण्यांनी जेवून उठताना कडी दोनदा वर-खाली केली आणि विचारले, "आवाज कमी झालाय, शेट. आमच्याकडे वाजायची. काही करून घ्या."

मी चामडे काढून टाकले. बायकोला तो आवाज आवडतो. पण त्यांच्या सांगण्यावरून काढले असे कोणी म्हणू नये, म्हणून ते देवासला परत जाईपर्यंत थांबलो.